‘पळून जाणं’ आणि किंडरचा माळ



गेले दोन महिने आमच्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो आहे. लग्न करताय ना, मग इंग्लंडच्या कुठल्याशा ओसाड माळावर, अकरा माणसांत कशाला? नागपूरचे साथी विचारतात, पुण्याचे विचारतात, औरंगाबादच्या एका दादांनी तर सरळ लिहिलं की चळवळीतली पोरं परदेशात गेली की त्यांना गोऱ्यांचे शौक लागतात. दादांचा आम्हाला राग नाही. त्यांच्याच अभ्यासवर्गात आम्ही दोघं पहिल्यांदा भेटलो. पण उत्तर द्यायला हवं, आणि ते दोन ओळींच्या मेसेजमध्ये मावत नाही.

आमच्यापैकी एकजण बौद्ध, अमरावती जिल्ह्यातला. दुसरी मराठा, सातारा जिल्ह्यातली. हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून यात ‘मी’ कुठे नाही. आम्ही मँचेस्टरला राहतो. एकाची नोकरी इस्पितळात आहे, दुसरीची विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. दोघंही व्हिसावर.

आधी शब्दाचंच बघू. इंग्लंडमध्ये अशा लग्नाला ‘इलोपमेंट’ म्हणतात. म्हणजे मराठीत पळून जाणं. इथे त्याचं पॅकेज मिळतं. फोटोग्राफर, फुलांचा गुच्छ, रानात विधी करून देणारा माणूस, उबदार ब्लँकेट, शॅम्पेन. जाहिरातीत धुक्यातला माळ असतो, वाऱ्यावर उडणारा पदर असतो आणि खाली लिहिलेलं असतं: फक्त तुम्ही दोघं आणि निसर्ग. आम्ही पहिल्यांदा ही जाहिरात वाचली तेव्हा दोघंही हसलो, आणि मग बराच वेळ गप्प बसलो. आपल्याकडे ‘पळून गेली’ म्हटलं की पुढचं वाक्य काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पोलीस ठाण्यात हरवल्याची तक्रार, मग अपहरणाचा गुन्हा, मग मुलाच्या वस्तीवर गाड्या. सोनई आणि खर्डा ही नगर जिल्ह्यातली दोन गावं आहेत, त्यांची नावं आपण विसरलेलो नाही. सोनईत २०१३ च्या पहिल्या दिवशी तीन जण मारले गेले. खर्ड्यात २०१४ मध्ये नितीन आगे हा शाळकरी मुलगा मारला गेला. त्याचं तर लग्नाबिग्नाचं काही नव्हतं, मुलीशी बोलल्याचा संशय पुरला. ज्या शब्दाने आपल्याकडे माणसं मरतात तो शब्द इथे हप्त्यांत विकत मिळतो.

आम्हीही एकदा पळायच्या तयारीत होतो. इंग्लंडला यायच्या आधी पुणे जिल्ह्यातल्या एका विवाह नोंदणी कार्यालयात आम्ही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. कलम ५ प्रमाणे नोटीस, कलम ६ प्रमाणे ती फलकावर, कलम ७ प्रमाणे ३० दिवस कुणालाही हरकत घ्यायची मुभा. नोटिशीवर दोघांची नावं, वय, व्यवसाय, पत्ता. तिसऱ्या दिवशी त्या कागदाचा फोटो सातारा जिल्ह्यातल्या एका गावात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता. कुणी काढला, कुणी पाठवला, आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. चौथ्या दिवशी मुलीचा चुलत भाऊ पुण्यात हजर होता, चार मित्रांसह. त्यांनी मारहाण केली नाही. चहा प्यायले, आमच्या दोघांच्या समोर बसून. कप खाली ठेवताना भाऊ म्हणाला, “दाजी, अमरावतीला तुमचं घर स्टँडपासून किती लांब आहे?” एवढंच. आम्ही नोटीस सोडून दिली.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं होतं, की या कायद्याखाली नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्याच्या मर्जीवर असावं. पण तो उत्तर प्रदेशातला निकाल, आणि फलक होता महाराष्ट्रातला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनीच्या खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात सुरक्षित घरं, विशेष कक्ष वगैरे निर्देश दिले. आम्ही चौकशी केली तेव्हा खिडकीवरच्या माणसाने आम्हाला विचारलं, आईवडिलांना सांगितलंय का.

गंमत अशी की नोटीस इथेही लागते. आम्ही दोघंही परदेशी नागरिक, म्हणून एकत्र जाऊन द्यावी लागली. २८ दिवस ती कार्यालयात लोकांना पाहता येते, आणि गृहखात्याला संशय आला तर मुदत ७० दिवसांपर्यंत जाते. म्हणजे इथलं राज्य आमच्या जातीवर संशय घेत नाही, आमच्या पासपोर्टवर घेतं. हेही नोंदवून ठेवतो, नाहीतर इंग्लंडची आरती ओवाळल्यासारखं होईल. पण फरक आहेच. तोच कागद, तीच मुदत. इथे तो कुणी वाचत नाही. आपल्याकडे त्याची सुपारी होते. दोष कागदात कमी आणि तो वाचणाऱ्या समाजात जास्त आहे.

आणि इंग्लंडही कायम असं नव्हतं. इथल्या पळून जाण्याला इतिहास आहे, तो पॅकेजवाले सांगत नाहीत. १७५३ मध्ये लॉर्ड हार्डविकचा विवाह कायदा आला. २१ वर्षांखालच्या मुलामुलींना बापाच्या संमतीशिवाय लग्न करणं इंग्लंडमध्ये अशक्य झालं. कारण उघड होतं: जमीनजुमला, वारसा, घराणं. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. तिथे दोन साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवराबायको’ म्हटलं की झालं. म्हणून सीमेवरच्या ग्रेटना ग्रीन या गावात जोडपी पळून जाऊ लागली, आणि लोहाराच्या ऐरणीसमोर लग्नं लागू लागली. १८५६ मध्ये २१ दिवस राहण्याची अट घालून त्याला लगाम घातला गेला, आणि १९४० मध्ये अशी तोंडी लग्नं बंद झाली. म्हणजे मालमत्ता राखायची तर पोरीचं लग्न ताब्यात ठेवा, हे इथल्या जमीनदारांनाही बरोबर ठाऊक होतं. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात जातीचं मूळ नेमकं इथेच दाखवलं होतं: जातीतल्या जातीत लग्न. बाकी सगळं, सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह, ही ती भिंत टिकवायची साधनं. इथल्या भिंतीला पैशाने आणि काळाने भगदाडं पडली. आपली भिंत धर्माने बांधलेली, तिला पैसा आला की उलट प्लास्टर होतं. मॅट्रिमोनी साइटवर पोटजातीचा रकाना बघा.

मग स्कॉटलंडलाच का गेलो नाही? गेलो असतो. स्कॉटलंडच्या १९७७ च्या कायद्यात लग्न जागेला नव्हे, लावणाऱ्या माणसाला बांधलेलं आहे. नोंदणीकृत माणूस आणि दोन साक्षीदार असले की समुद्रकिनारी करा, डोंगरावर करा, कायद्याने पक्कं. रॅनक मूर म्हणून एक अवाढव्य दलदलीचा माळ आहे, तिथे रेल्वे नेताना जमीन एवढी भुसभुशीत लागली की झाडांच्या फांद्या, मुळं आणि राखेच्या थरांवर रूळ तरंगते ठेवावे लागले. १८९४ पासून गाडी त्यावरून जाते आहे. आम्ही त्या गाडीने गेलोही. सुंदर आहे, खोटं कशाला बोला. पण खिडकीतून बघताना आमच्यापैकी एकीने विचारलं, “इथली माणसं कुठे गेली?” डोंगराळ स्कॉटलंडातल्या कितीतरी दऱ्या अशा ‘निर्जन’ जन्मल्या नव्हत्या. १८ व्या आणि १९ व्या शतकात जमीनदारांनी कुळांना उठवलं, घरं पाडली, जाळली, आणि मेंढ्या सोडल्या. नंतर मेंढ्यांच्या जागी शिकारीची हरणं आली. आज त्या मोकळ्या केलेल्या मुलखाला रानटी सौंदर्य म्हणून विकतात. कुठल्याही मोकळ्या रानाकडे बघितलं की ते कुणी मोकळं केलं हा प्रश्न आपल्या मनात यावा, एवढं तरी चळवळीने आपल्याला दिलेलं आहे.

किंडर स्काउटचं तसं नाही असं नाही. मँचेस्टर आणि शेफील्डच्या मध्ये, पीक डिस्ट्रिक्टमध्ये, ६३६ मीटर उंचीचं हे पठार. पठार म्हटल्यावर कासचं पठार डोळ्यांपुढे आणू नका. आणि मूर म्हणजे आपला माळही नव्हे. आपला माळ कोरडा, खडकाळ, उन्हाने तापलेला. मूर म्हणजे पाणी प्यालेला स्पंज. वर हेदरची झुडपं, गवत, शेवाळ, आणि खाली हजारो वर्षं न कुजता साठलेला काळा पीट. पाय टाकलात आणि जागा चुकली तर गुडघ्यापर्यंत आत. या पीटमध्ये मँचेस्टरच्या गिरण्यांची काजळी उतरलेली आहे. १९ व्या शतकातल्या त्या धुराने इथलं स्फॅग्नम शेवाळ मोठ्या प्रमाणावर मारलं, माळ उघडा पडला, चिरा पडल्या. आता लोक वर जाऊन हाताने शेवाळाची रोपं लावतात. त्या गिरण्यांना अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत, १८६१ ते १८६५, कापूस कुठून कुठून आला? वऱ्हाडातूनही आला. अमरावतीचा माणूस किंडरवर उभा राहिला की तो अगदीच परका नसतो. त्याच्या पणजोबाच्या घामाचा थोडा धूर त्या चिखलात असायला हरकत नाही.

पण आम्ही किंडर निवडलं ते १९३२ साठी.

त्या वर्षी २४ एप्रिलला, रविवारी, सुमारे ४०० माणसं हेफील्ड गावाजवळच्या बोडन ब्रिजच्या खाणीत जमली. बहुतेक मँचेस्टर भागातली कामगार पोरं. आठवडाभर गिरणीत, कारखान्यात धूर खायचा आणि रविवारी डोंगरावर जायचं, तर डोंगरावर बंदी. एन्क्लोजरच्या कायद्यांनी गावाची सामाईक राने जमीनदारांच्या नावावर गेली होती, आणि जमीनदारांना तिथे ग्राउस पक्षी पाळून वर्षातले काही दिवस शिकार करायची होती. तेवढ्यासाठी बाकीचे दिवस पहारेकरी काठ्या घेऊन उभे. बेनी रॉथमन नावाचा २० वर्षांचा ज्यू मुलगा पुढे झाला. माणसं वर चढली, पहारेकऱ्यांशी झटापट झाली, खाली उतरल्यावर पोलिसांनी पकडलं. पाच जणांना तुरुंगवास झाला, दोन ते सहा महिने. नंतरचा इतिहास लांब आहे. १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा, १९५१ मध्ये पहिलं उद्यान म्हणून पीक डिस्ट्रिक्ट, आणि २००० मध्ये मोकळ्या माळावर चालण्याचा हक्क देणारा कायदा. २००२ मध्ये, ७० वर्षांनी, त्या जमिनीच्या मूळ मालक घराण्यातल्या ड्यूकने जाहीर माफी मागितली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्हाला महाड आठवणार नाही तर काय होणार? २० मार्च १९२७. तीही माणसं चालतच गेली होती. पण तुलना करताना भान ठेवलं पाहिजे, कारण आपल्यातले काही जण जगातली प्रत्येक लढाई चवदार तळ्याला नेऊन जोडतात. किंडरवर कामगाराला अडवलं ते मालकी हक्काने. उद्या त्याने लॉटरी जिंकली असती तर तोच मालक झाला असता. महाडला तळं नगरपालिकेचं होतं, सर्वांना खुलं असल्याचा ठरावही झालेला होता, जनावरं पाणी पीत होती, आणि तरी माणसाला मनाई होती. जन्मामुळे. किंडरवरून माणसं उतरल्यावर कुणी डोंगर शुद्ध करून घेतला नाही. महाडला तळं शेणागोमुत्राने ‘शुद्ध’ केलं गेलं, आणि मग कोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडलं. माफीचं तर बोलायलाच नको. आम्ही आजवर एकाही ड्यूकची वाट बघितलेली नाही.

तरीही, ज्या जागेवर चालत जाणं हाच गुन्हा होता आणि माणसांनी चालून तो कायदा बदलला, तिथे उभं राहून आम्हाला लग्न करायचं आहे. हे सांगितल्यावर नागपूरचा एक मित्र म्हणाला, “मग महाडलाच करा ना!” बरोबर आहे त्याचं. महाडला केलं असतं तर आनंदच होता. पण स्टँडपासून घर किती लांब आहे हे विचारणारा माणूस महाडपासून दोन तासांवर राहतो.

आता कायद्याची अडचण. इंग्लंडमध्ये लग्न लागतं ते इमारतीत. जुलै २०२१ पासून मंजूर इमारतीच्या आवारात उघड्यावर लावता येतं, पण उघड्या माळावर नाही. इथल्या कायदा आयोगाने २०२२ मध्ये शिफारस केली, की जागेऐवजी लग्न लावणाऱ्यावर नियमन असावं. आम्ही तोवर थांबणार नाही. म्हणून दोन भाग: सकाळी नोंदणी कार्यालयात कायदेशीर लग्न, दोन साक्षीदार, पंधरा मिनिटं. मग गाड्यांनी हेफील्ड, आणि वर माळावर आमचं लग्न.

कार्यालयातल्या बाईंनी एक गोष्ट अगदी आदराने सांगितली. नोंदणी कार्यालयातल्या समारंभात धार्मिक विधी चालत नाही. आम्ही विचारलं, त्रिशरण-पंचशील? त्यांनी विचारलं, ते काय असतं? आम्ही एकमेकांकडे बघितलं. धम्म हा धर्म आहे की नाही यावर आमच्या अभ्यासवर्गात रात्री जागवल्या गेल्या आहेत. भारतात बौद्धांचं लग्न १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली मोजलं जातं आणि त्याविरुद्ध आपण स्वतंत्र बौद्ध विवाह कायदा मागतो. आणि इथे मँचेस्टरच्या एका खिडकीशी आम्हाला एका मिनिटात उत्तर द्यायचं होतं. आम्ही म्हणालो, वर माळावर म्हणू. बाईंनी हसून रकाना रिकामा सोडला.

तारखेवरून आमचं भांडण झालं. १४ एप्रिल एकाला हवा होता, पण त्या दिवशी जयंती सोडून कुणाला डोंगरावर ओढणार? शिवाय एप्रिल ते जुलै माळावर कर्ल्यू, गोल्डन प्लोव्हर यांसारखे जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात. १ मार्च ते ३१ जुलै कुत्राही दोरीला बांधून न्यावा लागतो. १४ ऑक्टोबर दुसरीला हवा होता, पण ऑक्टोबरात किंडरवर काय हवा असेल याचा भरवसा नाही. शेवटी ऑगस्टचा शेवटचा आठवडा ठरला. पिल्लं उडालेली असतात, हेदर जांभळं फुललेलं असतं, उजेड रात्री आठपर्यंत. मधला वार घेतला, रविवारी गर्दी. सकाळी ११ ला माळावर उभं राहायचं, म्हणजे अमरावतीत दुपारचे साडेतीन.

मग वस्तूंची यादी, आणि तिथे आमच्या पांढऱ्याशुभ्र कल्पनांना काळा पीट लागला. पांढरी साडी आणि पांढरा सदरा हवाच, आईची अट. त्याखाली गिर्यारोहणाचे बूट. वर रेनकोट, तोही भडक रंगाचा, धुक्यात दिसावा म्हणून. मेणबत्ती आणि अगरबत्ती नाही. माळ ओला दिसला तरी कोरड्या दिवसांत पीट आतून पेटतो आणि आठवडे जळत राहतो. २०१८ च्या जूनमध्ये जवळच्या सॅडलवर्थ मूरवर लागलेली आग विझवायला लष्कर बोलवावं लागलं होतं. फुलं घरून न्यायची आणि घरी परत आणायची, एक पाकळी मागे ठेवायची नाही. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी काचेच्या नाहीत, जाड पुठ्ठ्यावर, प्लास्टिकमध्ये. त्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून कुणीतरी हातात धरून उभं राहायचं. ते काम वुल्व्हरहॅम्प्टनकडच्या एका पंजाबी काकांनी मागून घेतलं. सत्तरी ओलांडलेले आंबेडकरी कार्यकर्ते, उमेदीची वर्षं लोखंडाच्या भट्टीवर घालवलेली. त्यांच्या गुडघ्यांनी आमची जागा बदलली. पठारावर जायचं आम्ही ठरवलं होतं. आता हेफील्डहून वर जाणाऱ्या स्नेक पाथवरच, जिथे माळ उघडतो आणि खाली जलाशय दिसतो, तिथपर्यंतच जायचं. ही वाटही फुकट मिळालेली नाही, पायवाटांसाठी भांडणाऱ्या लोकांनी ती १८९७ मध्ये खुली करून घेतली. काका दोनदा थांबून चढतात. तिसऱ्यांदा थांबले तर आम्ही तिथेच लग्न करू, असं ठरलं आहे.

तर, अकरा माणसं का? दादा, खरं उत्तर हे आहे. यादी करायला बसलो तेव्हा इथल्या मराठी मंडळींतली चाळीस नावं निघाली. मग एकेक नाव खोडलं. एका घरी पहिल्या जेवणाला ‘मूळ गाव कोणतं, आडनाव पूर्ण सांगा ना’ झालं होतं आणि दुसरं आमंत्रण आलं नाही. एकांनी खोली भाड्याने द्यायचं कबूल करून, आडनाव कळल्यावर, मुलगी परत राहायला येणार असल्याचं सांगितलं. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा स्पष्ट समावेश करावा म्हणून इथल्या आंबेडकरी आणि रविदासी संघटना वर्षानुवर्षं लढल्या. २०१३ मध्ये संसदेने सरकारवर तसं बंधन घातलं, आणि २०१८ मध्ये सरकारने न्यायालयाच्या निकालांवर भिस्त ठेवून ते करणार नाही असं जाहीर केलं. तेव्हा चाळिसातली अकरा उरली. ही निवड आम्ही केली की आमच्यासाठी झाली, हे आम्हालाही नीट सांगता येत नाही. जाहिरातीतल्या जोडप्याला गर्दी नको असते. आम्हाला गर्दी हवी होती.

आणि दादांच्या आक्षेपातला एक भाग आम्हाला खरोखर टोचतो. आपलं लग्न ही खाजगी गोष्ट नाही. १८७३ पासून जोतीरावांनी भटजीशिवाय लग्नं लावली ती चोरून नाही. भर मांडवात, धमक्या असताना. बाबासाहेबांनी १९३६ च्या भाषणात आंतरजातीय लग्न हा जातिअंताचा खरा उपाय सांगितला, तो दोन माणसांच्या सुखासाठी नाही. मग असं लग्न माळावर लपवून काय उपयोग, हा प्रश्न रास्त आहे. आमचं म्हणणं एवढंच, की आज आपल्या वस्त्यांतली ‘जाहीर’ लग्नंही जरा तपासू. लॉन, डीजे, ड्रोन, मुलीच्या बापावर पाच वर्षांचं कर्ज, वर पंचशील. आणि वर-वधू दोघंही एकाच पोटजातीतले, हे कुणी बोलत नाही. हजार माणसांनी बघितलं म्हणून ते जातिअंताचं होत नाही. आमचंही अकरा माणसांत झालं म्हणून होणार नाही. भारतात परत आल्यावर दोन्ही गावांत आम्ही राहायला जाऊ शकलो तर त्याला काही अर्थ. ते अजून आम्हाला जमलेलं नाही. साताऱ्याकडच्या बाबांनी सव्वा वर्ष फोन घेतलेला नाही. आई घेते, गोठ्यात जाऊन, तीन मिनिटं.

अमरावतीच्या आईला मात्र सगळी वस्ती बोलवायची होती. दहा बाय बाराच्या घरात तिने हे लग्न वीस वर्षं मनात लावलेलं. तिला व्हिसा, विमान, यातलं काहीच जमणार नव्हतं. आम्ही तिला माळाचे फोटो पाठवले. ती म्हणाली, “एवढ्या लांब जाऊन गवतात लगन? आपल्या धुऱ्यावर काय कमी गवत हाय?” आम्ही महाडचं आणि किंडरचं सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मले दिसन का?” त्यासाठी आम्ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं घेऊन त्या जागेवर दोनदा जाऊन आलो. एकाला काहीच नाही, दुसऱ्याला एक दांडी. काकांच्या थांबण्याच्या दुसऱ्या जागेवर दोन दांड्या. तेव्हा बहुधा लग्न तिथेच लागेल. वस्तीतल्या समाजमंदिरात पोरं पडदा लावणार आहेत.

आणि कार्यालयाचा फॉर्म. इंग्लंडमध्ये ४ मे २०२१ पर्यंत विवाहाच्या नोंदीत फक्त बापाचं नाव आणि बापाचा व्यवसाय असायचा. आता आईचंही असतं. चार रकाने आमच्यापुढे होते. दोन बापांचे भरून झाले: एक मयत, एक शेतकरी. साताऱ्याकडच्या आईने गोठ्यातून हळूच सांगितलं, “गृहिणी लिव.” पहाटे चारला उठून म्हशींचं, मग कांद्याची लागण, काढणी, सगळं तीच करते, सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. आम्ही शेतकरी लिहिलं, तिला विचारून. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “त्यांना दाखवू नका कागद.”

अमरावतीच्या आईला विचारलं, तुझा व्यवसाय काय लिहू? इंग्रजीत बरे शब्द आहेत, सांगितले. तिने मध्येच तोडलं.

“मजुरी लिह्य. वावरातली मजुरी. अन् नाव पुरं लिह्यजो, माह्या बापाच्या नावासकट.”

बाईंनी तीन वेळा अक्षरं विचारून घेतली.